ग्रामीण महाराष्ट्रातील किशोरवयीनांचे तंबाखूसेवन

ग्रामीण महाराष्ट्रातील किशोरवयीनांचे तंबाखूसेवन हा सार्वजनिक आरोग्य, शिक्षण आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांशी निगडित असलेला प्रश्न आहे. किशोरवय म्हणजे सर्वसाधारणपणे १० ते १९ वर्षे वयाचा काळ. या वयातील मुलामुलींकडून विडी, सिगारेट, मळलेली तंबाखू, मशेरी, मावा, खर्रा, गुटखा आदी पदार्थांचे होणारे सेवन आणि त्यांच्या दुष्परिणामांविषयी या मुलांना असलेली जाणीव, या दोन्ही बाबींचा विचार या लेखात केला आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके आणि त्यांतील डोळखांब परिसर यांचा उल्लेख उदाहरणादाखल विशेषत्वाने केला आहे. मुंबई महानगराला लागून असूनही जीवनमानाने पुष्कळसा आदिवासी व कृषिप्रधान राहिलेला हा प्रदेश या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू एकत्र दाखवतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तंबाखू हे मूळचे अमेरिका खंडातील पीक. पोर्तुगीजांमार्फत ते सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले आणि तेथून दख्खनमध्ये पसरले. अकबराच्या दरबारातील असद बेग हा विजापूरहून परतताना तंबाखू घेऊन गेला आणि त्याने ती बादशहापुढे ठेवली, अशी नोंद त्याच्याच वृत्तांतात आढळते. ही घटना इ.स. १६०४-०५ च्या सुमाराची आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखू ओढण्यास मनाई केली, परंतु तिचा परिणाम टिकला नाही. तंबाखूविरुद्धच्या कायद्यांचा हा या देशातील पहिला अनुभव म्हणता येईल.

महाराष्ट्रात तंबाखू खेड्यापाड्यांत इतकी रुजली की ती परकी आहे याचे स्मरणही उरले नाही. पानसुपारीच्या चंचीत चुन्याच्या डबीशेजारी तिला जागा मिळाली. शेतावरच्या मजुरांच्या विश्रांतीला अनेक ठिकाणी ‘विडी-तंबाखूची सुट्टी’ असेच म्हटले जाते. विसाव्या शतकात सिन्नर, संगमनेर, सोलापूर, कामठी, गोंदिया या भागांत विडी वळण्याचा उद्योग वाढला आणि हजारो स्त्रियांना त्यात घरबसल्या काम मिळाले. विडीसाठी मुख्यतः टेंभुर्णीचे (तेंदूचे) पान वापरले जाते. पूर्वी आपट्याच्या पानातही तंबाखू गुंडाळून ओढली जाई.

सेवनाचे प्रकार

‘तंबाखूचे व्यसन’ म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम सिगारेट येते. महाराष्ट्राच्या बाबतीत हे चित्र दिशाभूल करणारे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. त्यांपैकी धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण एकूण प्रौढांच्या अवघे ३.८ टक्के होते, तर धूररहित तंबाखू घेणाऱ्यांचे २४.४ टक्के (काही जण दोन्ही घेतात). म्हणजे महाराष्ट्र तंबाखू ओढतो कमी आणि खातो फार. पुरुषांमध्ये एकूण प्रमाण ३५.५ टक्के आणि स्त्रियांमध्ये १७ टक्के होते. मुले ज्या घरांत वाढतात त्या घरांचे हे आकडे असल्याने किशोरांच्या सवयी समजून घेण्यासाठी ते आधी पाहावे लागतात.

विडी: एका विडीत साधारणपणे ०.१५ ते ०.२५ ग्रॅम तंबाखू असते. सिगारेटच्या तुलनेत हे प्रमाण बरेच कमी आहे. यावरून विडी सौम्य असते असा समज रूढ झाला आहे, पण तो चुकीचा आहे. पानाचे वेष्टन हवा कमी आत येऊ देते आणि विडी विझू नये म्हणून ती वारंवार व जोराने ओढावी लागते. परिणामी निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतके किंवा त्याहून अधिक शरीरात जाते.

मळलेली तंबाखू: तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत किंवा गालफडात धरली जाते. यास ‘बार भरणे’ असे म्हणतात. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आवरणातून लवकर शोषले जाते. या प्रकारात धूर नाही, वास कमी, आणि वर्गात बसूनही घेता येते, म्हणून शाळकरी मुलांमध्ये तो लपवण्यास सोपा ठरतो.

मशेरी (मिश्री): तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती दात घासण्यासाठी वापरली जाते आणि तिचा वापर स्त्रियांमध्ये अधिक आहे. मुलींच्या बाबतीत तंबाखूशी पहिला परिचय बहुधा मशेरीतून होतो. आई किंवा आजी सकाळी मशेरी लावते, तिच्याजवळ बसलेली मुलगी बोटावर चिमूटभर घेते, आणि यात व्यसन लागत आहे असे कोणासही वाटत नाही. दात घासणे ही चांगली सवय, हे तर शाळेतच शिकवलेले असते.

मावा, खर्रा व गुटखा: सुपारी, तंबाखू व चुना यांचे मिश्रण पश्चिम महाराष्ट्रात मावा आणि विदर्भात खर्रा या नावाने घोटून विकले जाते. गुटखा हे त्याचेच कारखान्यात तयार झालेले, सुगंधित व पुडीबंद रूप. गोडसर चव, चकचकीत पुडी आणि नाण्यांत परवडणारी किंमत यांमुळे गुटख्याने १९९० च्या दशकात शाळकरी वयाचा ग्राहक मिळवला.

प्रसार

विद्यार्थ्यांमधील तंबाखूसेवन मोजण्यासाठी भारतात जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षण घेतले जाते. त्याची चौथी फेरी २०१९ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी पार पाडली. ९८७ शाळांमधील ९७,३०२ विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेतला. १३ ते १५ वर्षे वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी त्या वेळी तंबाखूचे सेवन करत होते. मुलांमध्ये हे प्रमाण ९.६ टक्के आणि मुलींमध्ये ७.४ टक्के होते. २००९ च्या फेरीत एकूण प्रमाण १४.६ टक्के होते. दहा वर्षांत ते बरेच घटले, ही गोष्ट निर्विवाद आहे. महाराष्ट्राचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून कमी, सुमारे ५ टक्के आढळले.

याच सर्वेक्षणातील दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. ज्यांनी तंबाखूचा अनुभव घेतला होता अशा विद्यार्थ्यांपैकी सिगारेट ओढणाऱ्यांतील ३८ टक्के, विडी ओढणाऱ्यांतील ४७ टक्के आणि धूररहित तंबाखू घेणाऱ्यांतील ५२ टक्के मुलांनी ती वयाच्या दहाव्या वर्षापूर्वी प्रथम घेतली होती. दहा वर्षांचे मूल चौथी-पाचवीत असते. व्यसनमुक्तीची व्याख्याने मात्र बहुतेक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांपुढे होतात.

प्रौढांच्या सर्वेक्षणातही उतार दिसतो. १५ ते २४ वर्षे वयोगटातील तंबाखूसेवन देशात २००९-१० मध्ये १८.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये १२.४ टक्क्यांवर आले.

या आकड्यांची एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण वर्गात हजर असलेल्या मुलांकडून प्रश्नपत्रिका भरून घेऊन केले जाते. जो शाळेतून गळाला, जो आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला, जो त्या दिवशी गुरांमागे होता, तो या टक्केवारीत नाही. ग्रामीण, विशेषतः आदिवासी भागात अशाच मुलांच्या हाती तंबाखू लवकर पडते. म्हणून शाळेच्या आकड्यावरून गावाचे अनुमान करताना सावधगिरी बाळगावी लागते.

शहापूर-मुरबाड परिसर

ठाणे जिल्ह्याचे १ ऑगस्ट २०१४ रोजी विभाजन होऊन पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर उरलेल्या जिल्ह्यात शहापूर हा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका आहे. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा व भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. मुरबाड तालुका त्याच्या दक्षिणेस असून माळशेज घाटापर्यंत पसरला आहे. डोळखांब हे शहापूर तालुक्याच्या पूर्व भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याकडील गाव. आजोबा डोंगराकडे जाणारा रस्ता येथूनच जातो. आसपासच्या पाड्यांना शाळा, दुकाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांसाठी डोळखांबला यावे लागते. या दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या आदिवासी समाजांबरोबर कुणबी व आगरी समाजाची वस्ती आहे.

पावसाळी भातशेती हा येथील मुख्य व्यवसाय. लावणीच्या दिवसांत कमरेइतके वाकून, दिवसभर पावसात भिजत काम करणाऱ्या माणसाला विडी आणि तंबाखू हा विसावा वाटतो. भूक मरते, थंडी कमी वाजते, हात चालतो, असे सांगितले जाते. निकोटिनमुळे भूक काही काळ मंदावते हे खरेच आहे. परंतु ज्या घरात अन्नच पुरेसे नाही तेथे भूक मंदावण्याची किंमत कुपोषणाच्या रूपाने मोजावी लागते. वाढीच्या वयातील मुलांना ती सर्वांत जड जाते.

भातकापणीनंतर गावात काम उरत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे, त्यांत कातकरी मोठ्या संख्येने, भिवंडी, कल्याण, वसई भागांतील वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या शेवटी परततात. मुलांची शाळा तेवढे महिने सुटते. भट्टीवर रात्री-पहाटे काम चालते. दहा-बारा वर्षांचा मुलगा विटा उचलू लागला की तो मोठ्यांच्या पंगतीत बसतो आणि त्यांच्यासारखाच बार भरू लागतो. तेथे त्याला कोणी लहान समजत नाही, आणि तंबाखू हीच त्या मोठेपणाची खूण ठरते. अशा मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालवल्या. तंबाखू हा त्या शाळांचा विषय नव्हता. तरीही शाळेच्या वेळेत मूल भट्टीवरच्या पंगतीतून दूर राहते, एवढा उपयोग कोणत्याही व्याख्यानाहून मोठा मानावा लागेल.

दुसरीकडे, मुंबई-नाशिक महामार्ग आणि मध्य रेल्वेवरील वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा ही स्थानके यांमुळे या प्रदेशाचा शहराशी रोजचा संबंध आहे. महाविद्यालयासाठी किंवा कामासाठी लोकलने जाणारा सतरा-अठरा वर्षांचा तरुण सिगारेट शहरात शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या मित्रांना दाखवतो. जुनी विडी आणि नवी सिगारेट अशा दोन वाटांनी तंबाखू एकाच पाड्यात पोहोचते. यात्रा-जत्रांचे दिवस हेही पहिल्या झुरक्याचे निमित्त असते. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील पौष महिन्यातील यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा गर्दीत हाती चार पैसे असतात आणि ओळखीचा डोळा नसतो.

आदिवासी विकास विभागाच्या शहापूर प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत अनेक निवासी आश्रमशाळा चालतात. वसतिगृहात घरचा धाक नसतो आणि घरची आठवण असते. मोठ्या इयत्तेतील मुले लहानांना तंबाखू मळून आणायला सांगतात, हा निवासी शाळांमधील एक परिचित धोका आहे.

सुरुवातीची कारणे

पहिली विडी बहुतेकदा विकत घेतलेली नसते. आजोबा नातवाला चुलीतील निखाऱ्यावर विडी पेटवून आणायला सांगतात. पेटवण्यासाठी एक झुरका घ्यावाच लागतो. वडील मुलाला टपरीवर तंबाखूची पुडी आणायला धाडतात आणि उरलेल्या सुट्या पैशांची गोळी घ्यायची त्याला मुभा देतात. अशा रीतीने मूल वस्तूचे नाव, तिची किंमत आणि दुकानदार या तिन्हींशी परिचित होते. यानंतर मित्रांचा आग्रह, चित्रपटांतील नायकाचे अनुकरण, मिसरूड फुटल्याचा अभिमान, परीक्षेतील अपयश, दातदुखी अशी कारणे जोडली जातात. दातदुखीचे कारण विशेष नोंद घेण्याजोगे आहे. दंतवैद्य तालुक्याच्या गावी असतो आणि मशेरी घरात असते.

मुलींच्या सवयीकडे दुर्लक्ष होण्याचे कारण वेगळे आहे. मुलीने विडी ओढली तर गाव बोलते, मशेरी लावली तर कोणी बोलत नाही.

दुष्परिणामांविषयीची जाणीव

तंबाखूने कर्करोग होतो, हे वाक्य आज बहुतेक शाळकरी मुलांना पाठ आहे. चित्रपटगृहातील सूचना, पुडीवरील भयंकर चित्र आणि पाठ्यपुस्तकातील धडे यांचा तो परिणाम होय. २०१९ च्या सर्वेक्षणात ७१ टक्के विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर आपल्यालाही घातक असल्याचे मान्य केले.

तथापि ही जाणीव अर्धवट असते. कर्करोग हा म्हाताऱ्यांचा रोग आहे, तो गुटख्याने होतो आणि साध्या पानाच्या तंबाखूने होत नाही, विडी पानाची असल्याने ती नैसर्गिक आहे, मशेरीने हिरड्या घट्ट होतात, तंबाखूने पोट साफ होते, रानात काम करणाऱ्याला ती बाधत नाही, असे समज त्या पाठ वाक्याच्या शेजारीच सुखाने नांदतात. ऐंशी वर्षांचा तंबाखू खाणारा आजोबा हा प्रत्येक पाड्यातला प्रतिवाद असतो. तोंडाच्या कर्करोगाने पन्नाशीत गेलेला माणूस मात्र दाखला म्हणून उरत नाही. खेड्यातील मृत्यूचे कारण पुष्कळदा ‘तोंडाला जखम झाली होती’ एवढेच सांगितले जाते.

पुडीवरील सचित्र इशाऱ्यालाही मर्यादा आहेत. ३१ मे २००९ पासून असे इशारे सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०१६ पासून ते वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर छापले जाऊ लागले. पण एकेक सुटी विडी किंवा सिगारेट विकत घेणाऱ्या मुलाच्या हाती वेष्टन येतच नाही. घरी भाजलेल्या मशेरीवर कोणताही इशारा नसतो. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच त्रुटीवर उपाय म्हणून.

आरोग्यावरील परिणाम

किशोरवयात मेंदूची वाढ चालू असते आणि ती वयाच्या पंचविशीपर्यंत पूर्ण होत नाही. या काळात निकोटिनची सवय लवकर जडते व सोडणे अधिक कठीण होते. लक्ष एकाग्र न होणे, चिडचिड, झोपेतील बिघाड हे परिणाम वर्गातच दिसतात.

सुपारीयुक्त पदार्थांमुळे तोंडाच्या आतील आवरण निबर होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. या विकाराचा (मुखांतर्गत तंतुमयता) प्रादुर्भाव पूर्वी प्रौढांत दिसे. गुटख्याच्या प्रसारानंतर तो विशी-तिशीतील तरुणांत दिसू लागला. हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तपासणी करून घ्यावी, ही साधी खूण आरोग्य शिबिरांत सांगितली जाते. झालेला विकार पूर्णपणे बरा होत नाही आणि त्याचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखू आणि सुपारी या दोहोंना माणसात कर्करोग निर्माण करणारे पदार्थ म्हणून प्रथम गटात समाविष्ट केले आहे.

या विषयावरील संशोधनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची घरोघर जाऊन तोंडाची तपासणी केली होती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गरोदरपणी धूररहित तंबाखू घेणाऱ्या मुंबईतील स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ज्या भागांत मुलींची लग्ने अठराच्या आसपास होतात तेथे बारा वर्षांच्या मुलीची मशेरी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते, ती अशी.

कायदे

सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा कायदा (२००३) हा या बाबतीतील मुख्य केंद्रीय कायदा आहे. त्याच्या कलम ४ अन्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. कलम ६ अन्वये १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे, तसेच कोणत्याही शैक्षणिक संस्थेच्या १०० यार्डांच्या (सुमारे ९१ मीटर) आत त्यांची विक्री करणे हा गुन्हा आहे. दंडाची मर्यादा मात्र २०० रुपये आहे. याहून कितीतरी कडक तरतूद बाल न्याय कायद्यात (२०१५) आहे. त्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही कायद्यांत दोषी ठरतो तो विकणारा वा देणारा. तंबाखू खाणारे मूल गुन्हेगार ठरत नाही, ही गोष्ट शाळांनी शिक्षा देताना विसरू नये.

लहान गावात शंभर यार्डांचा नियम पाळणे अवघड जाते. शाळा, टपरी, ग्रामपंचायत आणि एस.टी.चा थांबा हे सगळे एकाच चौकात असते, आणि टपरीवाला हा बहुधा एखाद्या विद्यार्थ्याचा काका किंवा मामा असतो. २०१९ च्या सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्या ६९ टक्के आणि विडी ओढणाऱ्या ७८ टक्के विद्यार्थ्यांनी ती दुकान, टपरी वा फेरीवाल्याकडून विकत घेतल्याचे सांगितले. वय लहान म्हणून विक्री नाकारली गेली नाही, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत निम्म्याच्या जवळपास होते.

गुटख्यावर महाराष्ट्राने प्रथम २००२ मध्ये बंदी घातली, परंतु ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांचा आधार मिळाल्यावर जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटखा व पानमसाला यांवर पुन्हा बंदी आणली. तिला मुदतवाढ दिली जाते. चोरटी विक्री थांबलेली नाही. तरीही शाळेच्या दारात पुड्यांच्या माळा उघडपणे लटकण्याचे दिवस संपले, हे मान्य करावे लागते. ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून बंदी आहे.

शाळा व आरोग्य यंत्रणेतील उपक्रम

मुंबईतील सलाम बॉम्बे फाउंडेशन ही संस्था २००२ पासून शाळकरी मुलांमध्ये तंबाखूविरोधी काम करते. तिच्या आणि शिक्षण विभागाच्या प्रयत्नांतून राज्यात ‘तंबाखूमुक्त शाळा’ अभियान उभे राहिले. शाळेने फलक लावणे, मुख्याध्यापक व शिक्षकांनी आवारात तंबाखू न घेणे, शंभर यार्डांत विक्री नसणे, विद्यार्थ्यांची समिती नेमणे असे निकष ठरवून ते पूर्ण करणाऱ्या शाळेस तंबाखूमुक्त घोषित केले जाते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये संपूर्ण देशासाठी अशीच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेषा आखणे हा त्यांतील ठळक भाग आहे. निकषांची कागदोपत्री पूर्तता आणि प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर असू शकते. खिशात पुडी असलेल्या शिक्षकाने फलक लावला तर मुले फलक वाचत नाहीत, खिसा पाहतात.

अनुभव असा की भीती दाखवणाऱ्या चित्रांपेक्षा मुलांनी स्वतः केलेली मोजणी अधिक परिणाम करते. घरात आठवड्याला किती पुड्या येतात, त्यांचे वर्षाचे किती रुपये होतात आणि त्यात किती वह्या, किती किलो डाळ आली असती, हे गणित चौथीच्या मुलालाही सोडवता येते व ते घरापर्यंत पोहोचते.

गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘सर्च’ संस्था, राज्य शासन व टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. खर्ऱ्याचा प्रश्न फक्त मुलांचा न मानता संपूर्ण गावाचा मानणे, ग्रामसभेत ठराव करणे आणि विक्री गावानेच थांबवणे, ही त्याची दिशा आहे. आदिवासी भागातील सामाजिक रचना सारखी असल्याने ठाणे-पालघरच्या पाड्यांसाठीही ती विचारात घेण्याजोगी आहे.

सवय सोडू इच्छिणाऱ्या किशोरांसाठी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील ‘मैत्री क्लिनिक’मध्ये समुपदेशन मिळते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे. निकोटिनचे च्युइंगगम व अन्य औषधे अठरा वर्षांखालील मुलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता व तल्लफ अधिक असते. दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. त्या आठवड्यांत मुलाला तंबाखू आणायला टपरीवर पाठवू नये, एवढे तरी घरच्यांना करता येते.